गरम इंजिनाला थंड इंजिनाची रीत लावू नका

सकाळचं पहिलं स्टार्ट बहुतेकांना जमतं. अडचण येते पाठोपाठच्या फ्लाइटला. विमान नुकतंच उतरलेलं, इंजिन तापलेलं, शेजारी इन्स्ट्रक्टर, आणि प्रॉपेलर नुसता फिरतोय, इंजिन काही धरत नाही. मला लँडिंगपेक्षा जास्त यानेच रडवलंय, म्हणून यावरच सविस्तर लिहितो.

वॉक-अराउंड, म्हणजे उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून करायची तपासणी, तुम्हाला पाठ असेलच. फक्त फ्युएलचा नमुना घाईत पाहू नका. कपात तळाशी पाण्याचा थेंब दिसतो, पण सगळाच कप पाण्याने भरला तर वेगळी रेषा दिसणारच नाही. १००एलएल, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, निळसर असतं. कप उजेडात धरा, वासही घ्या.

आता मुद्दा. सेस्ना १७२ एससारख्या फ्युएल इंजेक्शनच्या विमानात थंड इंजिनाला प्रायमिंग, म्हणजे स्टार्टआधी आत थोडं पेट्रोल सोडणं, लागतं: पंप चालू, मिक्श्चर (हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारा नॉब) पुढे, फ्युएल फ्लो ३ ते ५ सेकंद स्थिर दिसला की मिक्श्चर परत कटऑफला (पेट्रोल पूर्ण बंद), पंप बंद. गरम इंजिनाला हे प्रायमिंग वगळा, असं हँडबुक स्पष्ट सांगतं. पण गोम पुढेच आहे. इंजिन बंद झालं की त्यावरून वाहणारी हवा थांबते, काउलिंगखाली, म्हणजे इंजिनाच्या आवरणाखाली, उष्णता कोंडते आणि सिलिंडरवरच्या बारीक नळ्यांतल्या पेट्रोलची वाफ होते. त्यामुळे इंजिन धरत नाही. आपल्याला वाटतं पेट्रोल कमी पडलं, म्हणून आपण प्राइम करतो. तरी धरत नाही, म्हणून पुन्हा करतो. आता इंजिन फ्लड झालं असेल, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालं असेल, पण ते खरंच कमी आहे की जास्त, हे कुणालाच सांगता येत नाही.

तिथेच हात थांबवा. फ्लडेड स्टार्टची चेकलिस्ट काढा: पंप बंद, मिक्श्चर कटऑफ, थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा नॉब) अर्ध्यापासून पूर्ण उघडा, मग स्टार्टर. जादा पेट्रोल ओढलं जातं, मिश्रण योग्य झालं की इंजिन धरतं. त्या क्षणी मिक्श्चर पुढे आणि थ्रॉटल मागे. थ्रॉटल मागे घ्यायला उशीर झाला तर इंजिन गर्जत उठतं आणि विमान पुढे सरकू पाहतं. म्हणून ब्रेक आधीच घट्ट दाबलेले हवेत, हात थ्रॉटलवरच हवा. स्टार्टर एका दमात १० सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका, मध्ये थंड होऊ द्या.

‘रेटत राहा, धरेल’ म्हणणाऱ्या सिनियरचं ऐकू नका. असे सल्ले बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही खातात. चांगला इन्स्ट्रक्टर हात मांडीवर ठेवून विचारतो, ‘आत्ता आत पेट्रोल जास्त आहे की कमी?’ असा भेटला तर त्याला सोडू नका.

आणि घाबरूही नका. काही आठवड्यांत फ्युएल फ्लोचा काटा आणि इंजिनाचा आवाज यांवरून अंदाज येऊ लागतो. तोवर रांगेत मागे कोण थांबलंय, याचा विचार करू नका.

धरल्यावर ३० सेकंदांत ऑइल प्रेशरचा काटा हिरव्या पट्ट्यात आला नाही तर इंजिन बंद करा. रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत, १८०० आरपीएमवर एकेका मॅग्नेटोवर (ठिणगी देणारं यंत्र, इंजिनाला अशी दोन असतात) १५० आरपीएमपेक्षा जास्त ड्रॉप नको, दोघांतला फरक ५० च्या आत हवा. ड्रॉप अजिबात आला नाही तर खूश होऊ नका. तो मॅग्नेटो किल्लीने बंदच होत नसेल, तर किल्ली काढलेली असतानाही हाताने हलवलेला प्रॉपेलर एकदम फिरू शकतो. उड्डाण रद्द करा, इंजिनिअरला सांगा आणि तो येईपर्यंत प्रॉपेलरजवळ कुणालाही जाऊ देऊ नका.