क्रम बदललेला जीटीपेज सिक्वेन्समध्ये कसा ओळखावा

जीटीपेज म्हणजे जीटीपी हा रेणू धरून तोडणारी प्रथिनं. त्यांतल्या काहींत नेहमीच्या खुणांचा क्रम बदललेला असतो, ती ओळखायची आहेत. सॉफ्टवेअर नंतर. आधी सिक्वेन्सचा (एका अक्षराला एक अमिनो आम्ल अशा ओळीचा) प्रिंट आणि दोन-तीन रंगांची स्केचपेनं घ्या. एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला मी पोरांना हेच करायला लावते. कुरकुरतात, पण करतात.

पहिलं पान मानवी एच-रास या साध्या जीटीपेजचं, 189 अमिनो आम्लं. जीटीपी धरणाऱ्या भागातल्या पाच ठरलेल्या खुणांना जी1 ते जी5 म्हणतात. ‘जीकेएस’ 15 ते 17 वर सापडेल, हा जी1. ‘डीटीएजी’ 57 पासून, हा जी3. ‘एनकेसीडी’ 116 पासून, हा जी4. बहुतेक जीटीपेजमध्ये असेच जी1 ते जी5 ओळीने येतात.

आता युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसवरून ई. कोलाय या जिवाणूचं आरएसजीए काढा (जुन्या पेपरांत वायजेईक्यू). इथे एनकेएक्सडी (जी4; एक्स म्हणजे कुठलंही अमिनो आम्ल) 160 च्या आसपासच भेटतं, जीकेएस मात्र थेट 221 ला जाऊन संपतं, आणि डीएक्सएक्सजी (जी3) त्याच्याही पुढे. क्रम झाला जी4-जी5-जी1-जी2-जी3. माळेची टोकं जोडून ती दुसरीकडे तोडली तर मणी तेच राहतात, पहिला मणी बदलतो, तसंच हे. जीटीपी धरणारी त्रिमित घडी फारशी बदलत नाही. जी5 च्या मागे लागू नका, तो नुसत्या नजरेला सहसा सापडत नाही.

एनकेएक्सडीनंतर जीकेएस दिसलं म्हणून लगेच नाचू नका. डेर (एंगए) या जिवाणू प्रथिनात दोन जी-डोमेन (जीटीपी धरणारे स्वतंत्र घडीचे भाग) पाठोपाठ असतात. पहिल्याचा जी4 आणि दुसऱ्याचा जी1 तेवढे रंगवले तर क्रम बदलल्यासारखाच दिसतो. म्हणून एनकेएक्सडीच्या मागे शंभरेक अमिनो आम्लं चाळा. तिथे आणखी एक जीकेएस असेल तर तो साधाच जीटीपेज.

मग शेपूट बघा. क्रम बदललेल्यांच्या या घराण्यात जी3 डोमेनच्या शेवटाकडे येतो, त्यामुळे त्याला लागूनचा, जीटीपीनुसार हलणारा स्विच-2 हा भाग मोकळा लोंबायची भीती. तो धरून ठेवायला पुढे सी-टोकाचं (साखळीच्या शेवटचं) डोमेन लागतं, असा अंदाज आयआयटी कानपूरच्या गटाने 2006 मध्ये मांडला, आणि मला तो पटतो. आरएसजीएमध्ये तिथे झिंक बांधणारं डोमेन आहे, बॅसिलस सबटिलिसच्या आरबीजीएमध्ये हेलिक्सचं.

कुटुंब ठरवताना जीव कोणता ते विचारा. ई. कोलायमध्ये आरबीजीए शोधत बसू नका, तिथे ते नाही. यीस्टमध्ये मात्र त्याचीच भावंडं भरपूर: एनओजी2, एनयूजी1, एलएसजी1, मायटोकाँड्रियात एमटीजी1. माणसात न्यूक्लिओस्टेमिन. बहुतेकांचं काम रायबोसोम जुळवण्याचं. याच घराण्याच्या वायक्यूईएच कुटुंबातलं अ‍ॅराबिडॉप्सिस या वनस्पतीचं एनओए1 तर आधी नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम म्हणून गाजलं. ते जीटीपेज आहे हे नंतर कळलं. जुनी अ‍ॅनोटेशन (डेटाबेसमधल्या प्रथिनाच्या कामाच्या नोंदी) वाचताना हे ध्यानात ठेवा.

आता खुशाल इंटरप्रो (प्रथिनांची कुटुंबं आणि डोमेन ओळखणारं साधन) उघडा. ‘सीपी-टाइप जी डोमेन’ (सीपी म्हणजे सर्क्युलरली परम्युटेड, क्रम फिरवलेला) असा निकाल आला तर तुमच्या रंगांशी ताडून बघा.