फुप्फुसाच्या ऑपरेशननंतरचं दुखणं: या चुका टाळा

फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन माणूस घरी आला की भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास सांगतं, "लई गोळ्या खाऊ नगा, सोसा जरा." तालमींच्या या कोल्हापुरात सोसण्याला मान आहे. पण या ऑपरेशननंतर सोसत बसणं धोक्याचं आहे. छाती दुखते म्हणून रुग्ण वरवर श्वास घेतो आणि खोकला दाबतो. मग कफ आत साचतो, फुप्फुसाचा भाग नीट फुगत नाही आणि न्यूमोनिया होऊ शकतो. दुखणं कमी ठेवायचं ते मोकळा श्वास घेता यावा म्हणून.

त्यामुळे पहिली चूक म्हणजे कळ असह्य झाल्यावरच गोळी घेणं. एकदा भडकलेली कळ लवकर आटोक्यात येत नाही. सुरुवातीचे दिवस डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेलाच गोळी घ्या, त्या क्षणी बरं वाटत असलं तरी. तीन बॉलच्या यंत्राचा (श्वास ओढून बॉल वर उचलायच्या स्पायरोमीटरचा) व्यायाम आणि चालणं गोळीचा असर सुरू झाल्यावर करा. खोकताना उशी किंवा घडी घातलेली चादर टाक्यांवर घट्ट दाबून धरा, कळ बरीच कमी होते. राधानगरी, गगनबावड्याकडून तपासणीला यायचं असेल तर रस्त्यातले धक्के लक्षात घेऊन गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठेवा आणि उशी सोबत घ्या.

दुसरी चूक उलट्या बाजूची: मेडिकलमधून आणखी एक गोळी आणून आपल्या मनाने घेणं. पॅरासिटामॉल बऱ्याच जोडगोळ्यांमध्ये आणि सर्दीच्या औषधांतही असतं. सगळं मिळून मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नको. वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज दारू घेण्याची सवय असेल तर मर्यादा आणखी खाली येते, ती डॉक्टरच ठरवतील. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या किडनी आणि पोटाला त्रास देऊ शकतात, म्हणून त्या विचारल्याशिवाय नकोत. शेजाऱ्याच्या कंबरेची गोळी तर अजिबात नको.

ट्रामाडॉल किंवा मॉर्फिनसारखं जोरदार दुखणं थांबवणारं औषध दिलं की घरच्यांना सवय लागण्याची भीती वाटते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मुदतीत घेतलं तर तो धोका कमी असतो. बंद करतानाही त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करा. या औषधांनी नेहमी होणारा त्रास असतो बद्धकोष्ठाचा. कुंथताना टाक्यांवर ताण येतो. म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या. या गोळ्यांवर असताना दारू पिणं किंवा गाडी चालवणं नको. रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल, तर पुढचा डोस थांबवून लगेच दवाखाना गाठा.

शेकाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ही चूक प्रेमापोटी होते. बरगड्यांमधल्या नसा ऑपरेशनमध्ये दुखावतात, त्यामुळे टाक्यांच्या पुढे, छातीच्या खालच्या बाजूला कातडी बधिर राहते. तिथे गरम पिशवी किंवा विटेचा शेक दिला तर चटका कळतच नाही आणि फोड येतात. जखम भरेपर्यंत तेलाचं मालिशही नको. बायकांनी त्या जागी घट्ट ब्लाउज टाळावा, सैल सुती कपडे घालावेत.

हात छातीशी धरून बसू नका, खांदा आखडतो. फिजिओथेरपिस्टने दाखवल्याप्रमाणे हात रोज थोडा थोडा वर न्या.

दोन-तीन महिन्यांनीही जळजळ, विजेसारखी चमक किंवा कापड लागताच कळ येत असेल, तर ते नसेचं दुखणं असतं. साध्या गोळ्यांनी ते फारसं हलत नाही. गॅबापेंटिन, प्रेगाबॅलिनसारखी वेगळी औषधं असतात, म्हणून डॉक्टरांना "दुखतंय" एवढंच न सांगता जळतंय की टोचतंय, केव्हा आणि कशाने, हे सांगा. ऑपरेशननंतर दुखणं राहिलं म्हणजे कॅन्सर परत आलाच असं नाही. मात्र नवं किंवा वाढत जाणारं दुखणं तपासून घ्यायलाच हवं.

अचानक धाप लागली, छातीत नवी तीव्र कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं तर गोळी वाढवून वाट बघू नका, १०८ला फोन लावा. एका पोटरीला सूज, १००.४ च्या वर ताप किंवा जखमेतून पू दिसला तर त्याच दिवशी सर्जनला कळवा. ते भेटले नाहीत तर सीपीआरच्या (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी दवाखान्याच्या) अपघात विभागात डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन जा.