कुंडईच्या गेटवर जाण्याआधी

चवथीचा माल निघायच्या आत गोव्यातल्या कुंडईच्या गोदामात आरएफआयडी रीडरचं गेट उभं करायचंय, म्हणजे खोक्यांवर चिकटवलेले टॅग रेडिओ लहरींनी वाचून माल मोजणारं गेट. मी पोचेपर्यंत तू एवढं आटपून ठेव.

आधी पॅलेटवरचे खोके स्वतः मोज, मालकाच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नकोस. एका वेळी गेटमधून जास्तीत जास्त किती टॅग जाणार, यावर रीडरमधला क्यू हा आकडा ठरतो; टॅगना उत्तर द्यायला एका फेरीत वेळेचे किती तुकडे, म्हणजे स्लॉट, मिळणार ते त्यावरून ठरतं. क्यू 4 ठेवला तर 16 स्लॉट, 6 ठेवला तर 64. प्रत्येक टॅग त्यातला एक स्लॉट आंधळेपणाने उचलतो, आणि एकाच स्लॉटमध्ये दोघे बोलले की बहुतेक वेळा दोघांचंही वाया जातं. 60 खोक्यांना 16 स्लॉट दिलेस तर पहिल्या फेरीत जेमतेम एक-दोन टॅग हाती लागतील. 64 दिलेस तर 24 च्या आसपास, आणि एका फेरीत याहून फारशी आशा धरू नकोस. 1024 दिलेस तर टक्कर जवळजवळ होणार नाही, पण रीडर रिकामे स्लॉटच चाळत बसेल. तेव्हा 6 ने सुरुवात कर आणि पुढचं कमी-जास्त रीडरला आपोआप करू दे.

आता सेशन, म्हणजे आपण वाचले गेलो ही आठवण टॅगने किती वेळ ठेवायची त्याची सेटिंग. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत. वाचून झालेल्या टॅगने गप्प बसलं तरच मागच्यांना बोलायला मिळतं. टॅगला वीज रीडरच्या लहरींतूनच मिळते; सेशन 0 मध्ये ती तुटली की तो सगळं विसरतो. आपल्या दोन अँटेना आळीपाळीने चालणार, म्हणजे तेच टॅग पुन्हा पुन्हा ओरडणार. सेशन 1 मध्ये आठवण अर्ध्या सेकंदापासून 5 सेकंदांपर्यंत टिकते, मग टॅग लहरींच्या टप्प्यात असला तरी ती पुसली जाते. गेटसाठी सेशन 2 घे: वीज असेपर्यंत टॅग गप्प, वीज गेल्यावरही किमान 2 सेकंद, बरेचदा त्याहून कितीतरी जास्त. फक्त चाचणी घेताना तीच ट्रॉली लगेच मागे फिरवू नकोस. मी एकदा तसं केलं, एकही टॅग दिसेना, आणि रीडर मेला म्हणून अर्धा दिवस केबली बदलत बसलो.

माल दोन तऱ्हेचा आहे. कोकम आगळाच्या बाटल्या लहरी पितात, काजूगराचे पत्र्याचे डबे त्या परतवून लावतात. म्हणून टॅग खोक्याच्या बाहेरच्या अंगाला, बाटलीपासून किंवा डब्यापासून बोटभर तरी अंतर राहील अशा जागी चिकटव. वाचन कमी पडलं की पॉवर वाढवायचा मोह होईल. आवर. वाढवलीस तर भिंतीकडची थप्पीही उत्तर देऊ लागेल आणि तिचे टॅग आपलेच स्लॉट खातील. त्यापेक्षा सिलेक्ट कमांडने फक्त या मालाच्या कोडच्या टॅगनाच उत्तर द्यायला लाव.

रीडर भारताच्या 865 ते 868 मेगाहर्ट्झ पट्ट्यावर आहे ना, बघ. बाहेरून आणलेला असेल तर दुसऱ्या पट्ट्यावर असू शकतो. मोजणीत फक्त ईपीसी, म्हणजे टॅगचा ओळख-कोड, वाच, टॅगची बाकीची मेमरी नको, वेळ जातो. लेबलांच्या रोलवर तोच कोड दोनदा छापलेला नाही ना, तेही तपास. नाहीतर खोके 60 आणि मोजणी 59, आणि दोष गेटच्या माथी. पावसात लाईट जाणारच, युपीएस लावून ठेव.

शेवटी पॅलेटच्या पार मधल्या एका खोक्याचा टॅग काढून खिशात घाल, गेटपासून लांब उभा राहा, आणि कोणता खोका कमी आहे ते गोदामवाल्यांना पडद्यावर बघून सांगायला लाव.