श्वे-श्यू ओळखताना आणि स-वू थांग उकळताना

चिनी वैद्यकातली ‘श्वे-श्यू’, म्हणजे रक्ताची उणीव, आणि ॲनिमिया एकच नव्हेत. हिमोग्लोबिन ठीक असूनही वैद्य हे निदान करतात. तरी आधी रक्ततपासणी कराच.

जीभ फिकट नि कोरडी, नाडी दोऱ्यासारखी बारीक. नखं ठिसूळ, नजर धूसर, पाळीत स्राव कमी असेल तर यकृताचं रक्त उणं. धडधड नि तुटक झोप असेल तर हृदयाचं.

यावरचा पायाभूत काढा स-वू थांग, चार औषधी मुळांचा. दिवसाचं साधारण प्रमाण: शू-दी-ह्वांग १२ ग्रॅम, दांग-ग्वेइ १०, बाय-शाओ १२, छ्वान-श्योंग ८. मातीच्या भांड्यात (लोखंडी नको) अर्धा तास भिजवा, उकळी आल्यावर मंद आचेवर ३० मिनिटं ठेवा, गाळा. त्याच चोथ्यात पाणी घालून २० मिनिटं पुन्हा उकळा. दोन्ही काढे एकत्र करून दिवसातून दोनदा विभागून प्या.

बिघडतं ते बहुधा शू-दी-ह्वांगमुळे. वाफवून वाफवून काळंकुट्ट, काकवीसारखं चिकट झालेलं हे मूळ पचायला जड. पोट फुगतं, जुलाब होतात. मग छन-फी, म्हणजे वाळवलेली संत्र्याची साल, ५ ग्रॅम घाला. मुळात भूकच मंद असेल तर प्लीहेला बळ देणारा दुसरा काढा, ग्वेइ-फी थांग, बरा, कारण या शास्त्रात रक्त प्लीहेच्या जोरावर बनतं.

वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल, गरोदरपण असेल किंवा पाळीत अति रक्तस्राव होत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.