सुट्टीच्या दिवसांत घरातील अपघात कसे टाळावेत आणि झाल्यास काय करावे

सुट्टीच्या दिवसांत घराची नेहमीची घडी विस्कटते. दोन-चार जणांच्या स्वयंपाकाऐवजी दहा जणांचा स्वयंपाक होतो, माळ्यावरचे सामान खाली येते, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर तीन-चार उपकरणे लागतात आणि एरवी ज्या घरात लहान मूल नसते, तिथे पाहुण्यांची रांगती मुले मुक्कामाला येतात. बहुतेक अपघात या बदलांतूनच होतात, म्हणून तयारीही तिथूनच सुरू करावी.

पाहुणे येण्याआधी

प्रत्येक खोलीत एकदा गुडघ्यांवर बसून लहान मुलाच्या उंचीवरून नजर फिरवावी. ओट्यावरून लोंबणारी किटलीची वायर, सिंकखाली ठेवलेली फिनेलची बाटली, पलंगाखाली घरंगळलेली औषधाची गोळी अशा गोष्टी उभ्याने दिसत नाहीत, त्या इथे दिसतात. औषधे आणि सफाईची रसायने उंचावरच्या बंद कपाटात ठेवावीत, आणि कोणतेही रसायन पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये. पाहुण्यांच्या पर्समध्ये रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या असतात आणि त्या पर्स बहुधा पलंगावरच पडलेल्या असतात. मोठ्यांची एक गोळीही लहान मुलाला घातक ठरू शकते, तेव्हा आल्या आल्या पिशव्या वर ठेवायला सांगावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

सफाई करताना खुर्चीवर स्टूल रचून चढू नये. शिडी घ्यावी आणि ती धरायला कोणाला तरी उभे करावे. ब्लीच आणि टॉयलेट साफ करण्याचे अ‍ॅसिड एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून एका वेळी एकच रसायन वापरावे. उग्र वास येऊन घसा जळजळू लागला, तर काम तिथेच टाकून मोकळ्या हवेत जावे. हीटर किंवा इस्त्रीसारखी जास्त वीज ओढणारी उपकरणे थेट भिंतीवरील सॉकेटमध्येच लावावीत.

भाजल्यास

कढईचा दांडा आतल्या बाजूला वळवून ठेवणे आणि तळण चालू असताना ओट्यापासून दूर न जाणे, या दोन सवयींनी बरेच अपघात टळतात. तेलाने पेट घेतलाच, तर गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवावे. पाणी मात्र चुकूनही टाकू नये, कारण त्याची क्षणात वाफ होऊन पेटते तेल चहूकडे उडते.

भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली धरावा आणि पूर्ण २० मिनिटे तसाच ठेवावा. दोन मिनिटांत आग कमी झाल्यासारखी वाटते आणि माणूस हात बाहेर काढतो, पण त्वचेच्या खालच्या थरांत उष्णता अजून मुरलेली असते, म्हणून घड्याळ लावूनच थांबावे. त्याच वेळी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून घ्यावे, कारण सूज आल्यावर ते निघत नाहीत. त्वचेला चिकटलेला कपडा मात्र ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद यांपैकी काहीही लावू नये आणि फोड फोडू नयेत. नंतर जखम स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने सैलसर झाकावी. जखम रुग्णाच्या तळहाताहून मोठी असेल, चेहरा, हात, पाय किंवा गुप्तांग भाजले असेल, अथवा विजेने किंवा रसायनाने भाजले असेल, तर रुग्णालयात जावे. तान्ह्या मुलांच्या बाबतीत लहानशा भाजण्यासाठीही डॉक्टरांना दाखवावे.

घशात अडकल्यास किंवा काही गिळल्यास

गप्पांच्या भरात घाईने खाणे आणि खाता खाता पळणारी मुले, ही या दिवसांतली खरी जोखीम आहे. माणूस जोरात खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल किंवा श्वास घेता येत नसेल, तर एकाने आपत्कालीन सेवेला फोन करावा आणि दुसऱ्याने रुग्णाला पुढे वाकवून पाठीवर दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा माराव्यात. तेवढ्याने मोकळे झाले नाही, तर मागे उभे राहून बेंबीच्या थोडे वर मूठ ठेवावी, ती दुसऱ्या हाताने धरावी आणि आत व वर असे ५ झटके द्यावेत. हा क्रम आलटून पालटून चालू ठेवावा. एक वर्षाखालील बाळाच्या पोटावर दाब देऊ नये. त्याला हातावर पालथे धरून, डोके खाली ठेवून ५ थापा माराव्यात आणि मग उताणे करून छातीच्या मधोमध ५ वेळा दाबावे. गर्भवतीलाही पोटाऐवजी छातीवरच झटके द्यावेत. दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपू नये, ती आणखी आत जाते. रुग्ण बेशुद्ध पडून श्वास थांबला, तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देणे सुरू करावे.

खेळण्यांतील आणि रिमोटमधील बटण सेलबद्दल विशेष सावध राहावे. तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच आतून गंभीर भाजू शकते, तेही मूल वरवर ठीक दिसत असताना. शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठावे. सेल असो वा रसायन, उलटी करवू नये. बाटली किंवा पाकीट सोबत न्यावे.

कापल्यास आणि पडल्यास

वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड ठेवून १० मिनिटे सलग दाबावे आणि मध्येच उचलून पाहू नये. रुतलेली काच उपसून काढू नये. तिच्या कडेने दाब द्यावा. पडलेल्या माणसाची मान किंवा पाठ दुखत असेल, तर त्याला हलवू नये. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गोंधळल्यासारखे बोलणे किंवा न उतरणारी गुंगी, यांपैकी काही आढळल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांना डोक्याला मार लागला, तर अशा लक्षणांची वाटही पाहू नये.