गरिबीचा नकाशा: रंग भरण्याआधी

गरिबीचा नकाशा म्हटलं की लोक आधी रंग निवडायला बसतात. मी आधी दोन प्रश्नावल्या शेजारीशेजारी ठेवते. खर्चाचं सर्वेक्षण खोलात जातं, पण नमुना लहान. जनगणना घरोघरी पोचते, पण खर्च विचारत नाही. अर्थतज्ज्ञ ख्रिस एल्बर्स, जीन लांजौ आणि पीटर लांजौ यांनी 2003 मध्ये मांडलेली पद्धत या दोन्हींची सांगड घालते: दोन्हीकडे विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांवरून खर्चाचा अंदाज देणारं समीकरण सर्वेक्षणावर बसवायचं आणि ते जनगणनेतल्या प्रत्येक कुटुंबाला लावायचं.

खरी मेहनत समान प्रश्न शोधण्यात जाते. ‘खोल्या किती?’ दोन्हीकडे असतं, पण एकीकडे स्वयंपाकघर धरलेलं, दुसरीकडे नाही. दोन्हीकडच्या उत्तरांची सरासरी ताडून पाहा; जुळत नसेल तर प्रश्न सरळ वगळा, कितीही कामाचा वाटला तरी.

गावागावाच्या गरिबीच्या प्रत्येक अंदाजाशेजारी प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज साधारण किती चुकू शकतो याचं माप, छापा. ती फार मोठी निघाली तर शेजारची गावं एकत्र करा.

आणि नकाशे दोन काढा: गरिबांच्या टक्केवारीचा आणि गरिबांच्या संख्येचा. विरळ वस्तीचा दुर्गम भाग पहिल्यात गडद दिसतो, दाट वस्तीचं शहर दुसऱ्यात. निधी वाटणाऱ्यासमोर एकच ठेवला की निम्मा निर्णय आपणच घेऊन टाकतो, म्हणून मी दोन्ही एकाच पानावर देते.