टॉवरच्या डिझेलचा हिशेब: भामरागडच्या साइट्सवर शिकलेलं

डिप्लोमा किंवा आयटीआय करून मोबाइल टॉवरच्या कामात येणाऱ्या मुलांचे अधूनमधून फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो: "सर, सोलर शिकू की लिथियम?" मी सांगतो, आधी क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) घे, आणि तो डीसी मोजणारा घे. बाजारात स्वस्तात मिळतात ते बहुतेक फक्त एसी करंट मोजतात, आणि आपला सगळा जीव डीसीवर असतो. माझे पहिले दीड हजार असेच पाण्यात गेले.

गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीच्या पुढे, भामरागड-एटापल्लीच्या जंगलातल्या साइट्स मी सहा वर्षं सांभाळल्या. वीज यायची तशी जायची. इथे काम करताना मला एक गोष्ट पटली. डिझेल मशीनमुळे जळतं त्यापेक्षा कुणीतरी कधीतरी करून विसरलेल्या सेटिंगमुळे जास्त जळतं. म्हणून डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, किती तास चालला हे लिहिताना शेजारी 'का चालला' हा रकानाही भरायचा. छापील लॉगबुकात तो नसतो, मी पेनाने आखून घ्यायचो.

साइट कशी चालते ते थोडक्यात सांगतो. बाहेरून आलेली वीज पीआययूत, म्हणजे ग्रिड की डीजी हे निवडणाऱ्या पेटीत, येते. तिथून ती एसएमपीएसमध्ये जाते आणि तिचं डीसी होतं. त्याच डीसीवर २ व्होल्टचे २४ सेल जोडलेले असतात, ती आपली बॅटरी बँक. रेडिओ, म्हणजे मोबाइलचा सिग्नल देणारी यंत्रं, चालतात उणे ४८ व्होल्टवर, म्हणजे अर्थिंग प्लसला असतं. नवा मुलगा मायनसला अर्थ समजून बसतो आणि सगळे आकडे उलटे वाचतो. ४८ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून बँकेशी सलगी करू नका. दोन टर्मिनलमध्ये पाना पडला तर हजारो अँपिअर वाहतात आणि पाना मेणासारखा वितळतो. हातातलं घड्याळ, अंगठी काढायची, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळायची, मगच हात घालायचा.

आता ती रात्र. भामरागडच्या अलीकडची एक साइट डिझेल फार खाते अशी तक्रार होती, म्हणून मुक्कामाला गेलो. रात्री आठला लाइट गेली. दहा वाजता डीजी सुरू झाला तो सकाळपर्यंत. मी क्लॅम्प लावला: ३० अँपिअर. ५४ व्होल्टने गुणा, लोड झाला सोळाशे वॉटच्या आसपास. आणि हा लोड ओढायला उभा कोण, तर १५ केव्हीएचा डीजी, म्हणजे १२ किलोवॉटचं इंजिन. टेम्पोत एक पिशवी भाजी घालून चंद्रपूरला जाण्यासारखंच ते. टॉर्च मारून सायलेन्सर पाहिला, तर सांध्यातून काळं, तेलकट पाझरत होतं. इंजिन पुरेसं तापलं नाही की डिझेल पूर्ण जळत नाही आणि असं बाहेर येतं. तासाला पावणेदोन-दोन लिटर जात होते आणि एका लिटरला जेमतेम एक युनिट मिळत होतं. त्याच इंजिनावर पाच-सहा किलोवॉट टाकले तर लिटरमागे अडीच युनिट तरी हाती येतात.

पण बँक तर सहा महिन्यांपूर्वी बदललेली, ६०० अँपिअर-अवरची. निम्मी वापरली तरी ३० अँपिअरवर दहा तास निघायला हवेत. ती दोन तासांत का थकत होती? ती थकतच नव्हती. डीजी सुरू होण्याचं व्होल्टेज ५०वर लावून ठेवलेलं होतं. जुनी बँक मेलेली असताना साइट बंद पडू नये म्हणून कुणीतरी ते वर चढवलं असणार. बँक नवी आली, सेटिंग तेच राहिलं. ते ४७.५ केलं, आणि डीजी चालू असताना बँकही ६० अँपिअरने चार्ज होईल अशी करंट लिमिट लावली. आता इंजिन चाललं तर पोटभर लोडवर चालतं, बँक भरते आणि ते बंद होतं. त्या महिन्यात डीजीचे तास निम्म्याहून खाली आले. खर्च झाला माझ्या एका रात्रीचा आणि डासांच्या अगरबत्तीचा.

एक इशारा. अ‍ॅसिडच्या बँकेला अर्धवट चार्जवर ठेवायची सवय लावली तर प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती वर्षात आटोपते. आठवड्यातून एकदा तरी ती पूर्ण भरली पाहिजे. लिथियमला हा त्रास नाही, ती भराभर भरतेही, म्हणून जिथे वीज तुकड्या-तुकड्यांनी येते तिथे तीच बरी. चोराचंही तेच मत असतं, त्यामुळे पिंजरा आधी, बँक नंतर.

माझी सगळ्यात महाग चूक एसीची, म्हणजे एअर कंडिशनरची. शेल्टरमधला (यंत्रांच्या खोलीतला) दीड टनाचा एसी चालू असताना जवळजवळ साइटच्या लोडएवढीच वीज खातो. मी हुशारी करून उन्हाळ्यात त्याचं तापमान ३५वर नेलं. रेडिओंना काही झालं नाही, बिल कमी आलं, शाबासकीही मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात बँक बसली. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना अ‍ॅसिड बँकेचं आयुष्य साधारण अर्धं होतं हे मी डिप्लोमाला पाठ केलं होतं आणि परीक्षेत लिहून मोकळा झालो होतो. एसी घालवायचा असेल तर सामान बाहेरच्या कॅबिनेटमध्ये हलवा, बँकेला तिची छोटी थंड पेटी द्या. नुसता थर्मोस्टॅट फिरवणं म्हणजे या वर्षीचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलणं.

साइटवर गेलात की प्रत्येक एमसीबीवर क्लॅम्प फिरवा. २०१८च्या सुमाराला काही ऑपरेटर (टॉवरवर रेडिओ लावणाऱ्या मोबाइल कंपन्या) बंद पडले, एकमेकांत मिसळले, आणि बऱ्याच टॉवरवरून रेडिओ उतरले. एका साइटवर मला अशा रॅकमध्ये ७ अँपिअर जाताना दिसले ज्याचा मालकच उरला नव्हता. पंखे फिरत होते, एक जुनी ट्रान्समिशन पेटी दिवे लुकलुकवत कुणाशीच बोलत नव्हती. दिवसाला ९ युनिट. लेखी परवानगी घेऊनच ते बंद करा, कारण कधीकधी त्याच पेटीतून शेजारच्या साइटचं ट्रान्समिशन जात असतं.

वीजबिलाबद्दल दोनच गोष्टी. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो काढा, नाहीतर सरासरीचं बिल येत राहतं आणि वर्षाने फरक अंगावर येतो. आणि साइट गावठाण फीडरवर आहे की शेतीच्या, हे पोलापासून तारेमागे चालत जाऊन स्वतः बघा. शेतीच्या फीडरवर ठरावीक तासच वीज असते. गावठाणची लाइन तीन पोल अलीकडून जाते आणि टॉवर मात्र शेतीच्या लाइनवर, असं मी दोनदा पाहिलं. डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर उत्तम चाललेल्या डीजीचं युनिटही तिशीच्या घरात पडतं. ग्रिडचं त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. तीन पोलांचा खर्च किती दिवसांत निघतो हे ज्याचं त्याने मोजावं.

नोकरी धरताना हेही विचारा की ऊर्जेचे पैसे ऑपरेटरकडून ठरावीक रकमेने येतात की झालेला खर्च जसाच्या तसा पुढे जातो. जिथे जसाच्या तसा जातो तिथे तुमच्या बचतीचं कुणाला कौतुक नसतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाले आणि ठरावीक रकमेचे करार वाढले, तसा आमच्यासारख्यांना भाव आला.

सोलरकडे येऊ. दूरसंचार विभागाने २०१२ मध्ये ग्रामीण टॉवरपैकी निम्मे २०१५पर्यंत हायब्रिड ऊर्जेवर (ग्रिडच्या जोडीला सोलरसारखी ऊर्जा) आणायला सांगितलं, त्यानंतर पॅनेलं दिसू लागली. आपल्याकडे १ किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं, आणि जुलैच्या अंधाऱ्या आठवड्यात त्याच्या निम्मंही नाही. आमच्या साइटला दिवसाला ४० युनिट लागत. ३ किलोवॉट पॅनेलवर साइट चालत नसते, डीजीचे तास तेवढे कमी होतात, हे आधीच सांगून टाकावं.

एका ठिकाणी पॅनेल नवीन, ऊन कडक, आणि सोलरचा करंट शून्य. कंत्राटदाराने दोन वेळा पॅनेल धुतलं. दोष व्होल्टेजमध्ये होता: एसएमपीएस ५४वर, सोलर चार्जर ५३.५वर. ज्याचं व्होल्टेज वर, तो लोड उचलतो. सोलर ५४.५ केला आणि काटा हलला.

दुसऱ्या ठिकाणची चूक माझीच. पॅनेलच्या जागेचा सर्व्हे मी एप्रिलमध्ये केला. दक्षिणेला सागाची रांग होती, पण सागाला तेव्हा एक पान नव्हतं आणि दुपारचा सूर्य डोक्यावर. सावलीच्या रकान्यात 'नाही' लिहून सही केली. पावसाबरोबर साग सुपाएवढ्या पानांनी भरला, आणि दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेला कलला. डिसेंबरात तिथे भर दुपारीही सूर्य ४७ अंशांवरच असतो. १५ मीटर उंच झाडाची सावली १४ मीटर पडते. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पानांची सावली आली की मालिकेतली सगळीच आळसावतात. झाडं वनविभागाची, तोडायचा प्रश्नच नव्हता. स्ट्रक्चर उपटून कुंपणाच्या उत्तर कोपऱ्यात नेलं. तेव्हापासून सर्व्हेला जाताना मी खिशात कोनमापक ठेवतो आणि गावातल्या म्हाताऱ्याला विचारतो, इथे थंडीत ऊन कुठे असतं.

पावसाळा वेगळाच. मी होतो तेव्हा पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा पूल पाण्याखाली जायचा आणि पलीकडच्या साइट्स आपापल्या नशिबावर असायच्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात टाक्या काठोकाठ, वॉटर सेपरेटर रिकामा, बेल्ट आणि फिल्टरचा जोड साइटवर. कॅनमधून आलेल्या डिझेलमध्ये पाणी असतंच, तळाचे दोन लिटर टाकीत ओतायचे नाहीत.

डीजीचे तास कमी केले त्या पहिल्या साइटवर महिन्याभराने गेलो तर केअरटेकर गप्प गप्प. चहा झाल्यावर बोलला: "साहेब, इंजन चालतच नाही आता. फोन कुठं लावाचा?" शेल्टरच्या मागे एक लाकडी बोर्ड होता आणि डीजी चालू असला की आसपासच्या तीन पाड्यांचे फोन तिथे चार्ज व्हायचे. माझ्या बचतीने नेटवर्क रात्रभर राहिलं आणि फोन सगळे बंद पडले. एनओसीला (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राला) साइट पडल्याचं कळायच्या आधी मला फोन करणारी हीच माणसं होती.

वरिष्ठांशी बोललो. ४८ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर, वेगळा एमसीबी, बँक उतरली की सगळ्यात आधी कापला जाणारा, आणि यूएसबीचे आठ पॉइंट. कागदावर त्याला 'ऑक्झिलरी लोड' म्हणतात. आठही भरलेले असले की क्लॅम्प मीटर दीड अँपिअर दाखवतो.